बर्फ लोटायची गाडी जेवायला बसली

शनिवारी संध्याकाळी लेपोसावाबाईंनी लेकीला फोन करून सांगितलं, की मी सोमवारी न येता रविवारीच येते. उजवा गुडघा दोन दिवस ठणकतोय, म्हणजे बर्फ पडणार, आणि त्याच्या मागोमाग कोशावा वारा सुटणार. तो एकदा सुटला की बानात प्रांतातल्या सपाट रानात रस्ता कुठला आणि बिटाचं शेत कुठलं ते कुणाच्या बापाला कळत नाही. तियाना म्हणाली, "आई, तुझा गुडघा वर्षातून चाळीस वेळा ठणकतो आणि बर्फ पडतो चार वेळा. सोमवारी सकाळच्या बसने ये."

आता ही तियाना काही बेफिकीर बाई नव्हे. दहा महिन्यांच्या दुन्याच्या तापाच्या औषधासोबत जो मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतला कागद येतो, तो ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात आधी थर्मामीटर जातं, मग तिचं कोपर, मग बाळ. विद्यापीठात अन्नप्रक्रिया शिकलेली असल्यामुळे घरातल्या प्रत्येक पदार्थात कोणता जंतू किती वाजता वाढीला लागतो हे तिला ठाऊक असतं. जगातली एकही धोक्याची सूचना तिने कधी दुर्लक्षित केली नव्हती. ही एकच केली, आणि त्याचं कारण हवामानाशी संबंधित नव्हतं. आई रविवारी आली असती तर आई आणि सासूबाई एका स्वयंपाकघरात एक अख्खी रात्र समोरासमोर आल्या असत्या, आणि आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि भात वळून केलेल्या सार्म्यात भात तुमच्याकडे जास्त की आमच्याकडे, हा विषय निघाला असता. त्यापेक्षा वादळ बरं, असं तिला वाटलं.

सोमवारी त्यांच्या घरची स्लावा होती, म्हणजे घराच्या संताचा दिवस. नवरा रास्तकोने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, की यंदा बाळ लहान आहे, यंदा छोटीशीच करू. रास्तको घरी बसून परदेशातल्या एका कंपनीची कॉम्प्युटरची कामं करतो, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कोष्टकात बसते अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. त्याने पंधरा नावांचं कोष्टक केलं, माणशी चार सार्मा धरले, आणि कागद छापून आईपुढे ठेवला. देसांकाबाईंनी तो नीट वाचला, मग शिजवलेल्या गोड गव्हाच्या वाडग्यावर झाकण म्हणून घातला. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, यायचं तो येतो, आणि आलेल्याला कुणी जा म्हणत नाही. एकेचाळीस वर्षं या घरात हेच चाललंय, हे त्यांनी त्या झाकणाकडे बघूनच सांगितलं.

शेजारच्या मिलुन्काबाईंचं मत वेगळं पडलं. त्यांचं मत सगळ्याच बाबतीत वेगळं पडतं आणि ते देण्यासाठी त्या दिवसातून तीनदा कुंपण ओलांडतात. त्यांच्या मते माणसं येणारच नाहीत, कारण हवामान खात्याने नारिंगी इशारा दिलाय. पण अन्न मात्र शंभर माणसांचं हवं, कारण हवामान खात्यावर कोण विश्वास ठेवतं. शिवाय बाळाला लाल दोरा बांधावा, खिडकीच्या फटीत ब्लँकेट कोंबावं, आणि सार्मा उकळताना ढवळू नये. सार्मा ढवळणारी बाई तियानाने आयुष्यात पाहिली नव्हती, पण ती "हो हो" म्हणाली.

सोमवारी पहाटेपासून बर्फ पडला आणि आठ वाजता कोशावा सुटला. सुवी ब्रेस्त हे तसं बावळट दिसणारं गाव आहे, एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. त्या वाऱ्यात ते अगदी कुणी तरी मिटवून टाकल्यासारखं झालं. तियानाला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता पंधरासुद्धा येत नाहीत. अकरापर्यंत एकतीस आले. कारण उघड होतं. गावाबाहेर जायची सोय नव्हती, दुकान बंद, टीव्ही बर्फामुळे खरखरत होता, आणि देसांकाबाईंच्या घरात शेगडी पेटलेली होती. पाद्री ट्रॅक्टरवर बसून आला, पोळीसारखा गोल मोठा पाव कापून प्रार्थना म्हणून झाली, मेणबत्ती पेटली, आणि रास्तको यजमानाच्या रिवाजाप्रमाणे दिवसभरासाठी उभा राहिला. यजमानाने बसायचं नसतं. प्रत्येक पाहुण्याबरोबर राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, एकेक घोट मात्र घ्यायचा असतो, त्यामुळे साडेअकरापर्यंत त्याचं उभं राहणं हे रिवाजापेक्षा कर्तृत्व वाटायला लागलं.

पाहुण्यांत सगळ्यांत आधी आला होता झिवोयिन, त्यांचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला, बाप्तिस्म्याच्या वेळी दुन्याला हातांवर धरलेला माणूस. रक्ताच्या भावापेक्षा मोठा मान. तो नऊ वाजता आला होता तो फक्त एक मिनिट, क्रूसाची खूण करून, दोन दाणे गोड गहू तोंडात टाकून निघायला, कारण तो नोकरीवर होता. गाडी त्याने अंगणात उभी केली होती, सफरचंदाच्या झाडाला टेकवून. अकरा वाजताही ती तिथेच होती, डोक्यावरचा पिवळा दिवा गरगर फिरत होता, आणि झिवोयिन टेबलाच्या कोपऱ्यात सातव्या सार्म्याशी बोलत होता.

अकरा वीसला लेपोसावाबाईंचा फोन आला. बस क्रिवी सालाश गावाच्या अलीकडे, पॉप्लरच्या झाडांच्या रांगेपाशी रुतली आहे. काळजीचं कारण नाही, ड्रायव्हर म्हणतोय बर्फ लोटायची गाडी येतेच आहे. बाळाला जमिनीवर बसवू नकोस. एवढं बोलून फोन मेला. लेपोसावाबाईंच्या फोनमध्ये नेहमी आठ टक्के असतात. बाकीचे ब्याण्णव कुठे जातात हे कुणाला माहीत नाही.

तियानाने तालुक्याच्या हिवाळी सेवेला फोन लावला. बारा वेळा वाजल्यावर एक बाई आली, आवाजावरून तोंडात काहीतरी असलेली. तियानाने सांगितलं, बस अडकली आहे, पंचवीस-तीस माणसं आहेत, त्यात एक सदुसष्ट वर्षांची बाई आहे, रक्तदाबाची. बाई म्हणाली, "काळजी करू नका, त्या रस्त्याची गाडी फील्डवर आहे." तियानाने खिडकीतून बाहेर पाहिलं. पिवळा दिवा. पिवळा दिवा. पिवळा दिवा.

"ती माझ्या अंगणात आहे," ती म्हणाली.

"अंगण फील्डमध्येच येतं, मॅडम."

मग ड्रायव्हर कुठे आहे, असं विचारल्यावर तोही फील्डवर असल्याचं कळलं. दुसरी गाडी नाही का, तर आहे. तिचा ड्रायव्हरही फील्डवर आहे, त्याच्याकडेही स्लावाच आहे. दुसऱ्या कुणी गाडी चालवली तर चालेल का, तर अजिबात नाही, फेरीच्या कागदावर अधिकृत माणसाची सही लागते आणि अधिकृत माणूस सही करेपर्यंत गाडी निघालेली धरत नाहीत. मग बाईने स्वतःहून चौकशी केली, की तुमच्याकडे सार्मा डुकराच्या खिम्याचा की मिश्र. तियानाने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मोठ्या माणसाचा फोन 'ठेवते हं' न म्हणता ठेवला.

ती झिवोयिनकडे गेली. सरळ 'ऊठ' म्हणता येत नाही, तो पाहुणा, त्यातून कूम. म्हणून तिने सांगितलं, अहो कूम, बाहेर फारच साचलंय. झिवोयिनने मान डोलवली आणि आपलं शास्त्र सांगितलं. वारा चालू असताना बर्फ लोटणं हे अडाणीपणाचं लक्षण. लोटलेलं परत येतं. वारा पडू द्यावा, मग एकदाच काय ते लोटावं. बाकी टेबलाने त्याला दुजोरा दिला. लगेच जुने हिवाळे निघाले. शाळामास्तरांच्या लहानपणी बर्फ धुराड्यापर्यंत होता. पाद्रीच्या लहानपणी धुराडं दिसतच नव्हतं. हल्ली बर्फात पूर्वीचा दम राहिला नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि भिंतीपलीकडे तो दम नसलेला बर्फ खिडकीच्या अर्ध्या तावदानापर्यंत चढत होता.

तियानाने सांगितलं, की माझी आई बसमध्ये अडकली आहे. झिवोयिन फार हळहळला. इतका हळहळला, की त्याने लगेच लेपोसावाबाईंच्या आरोग्यासाठी पेला उचलला आणि सगळ्यांना उचलायला लावला. तिने मोजलं होतं. तो पाचवा होता. म्हणजे आता हा माणूस उठला तरी पंचाईत, न उठला तरी पंचाईत.

रास्तकोला तिने भिंतीपाशी गाठलं. तो म्हणाला, यजमान पाहुण्याला ऊठ म्हणू शकत नाही, आणि कुमाला तर नाहीच. मेणबत्ती विझेपर्यंत माझं तोंड बांधलेलं आहे. हा माणूस सहा देशांतल्या लोकांना रोज इंग्रजीत 'हे चालणार नाही' असं सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. तियानाने त्याच्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन इथे न केलेलं बरं.

तेव्हा तिला निरोपाची कॉफी सुचली. त्या भागात पाहुण्याला जा म्हणत नाहीत, पण सगळं खाऊन-पिऊन झाल्यावर एक शेवटची कॉफी येते. कुणी काही बोलत नाही. ती कॉफी आली की माणसं आपापले कोट शोधायला लागतात. सभ्यपणाचा कळस आहे तो. फक्त ती येते रात्री, भाजलेलं डुक्कर, केक, फळं आणि दोन भांडणं होऊन गेल्यावर. तियानाने ती आणली पाऊण वाजता. डुक्कर अजून ओव्हनमध्ये होतं.

आधी पाद्री उठला. तो बिचारा अनुभवी होता, त्याने टोपी शोधली. शाळामास्तर आणि त्यांची बायको उठले, बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण त्यांनी डुकराचा वास घेतला होता. मिलुन्काबाई उठल्या, पण दारापाशी थांबल्या. पुढे काय होतं ते त्यांना सोडवेना. पंधरा माणसं त्या वादळात निघायला तयार झाली, म्हणजे आता रस्त्यात अडकणाऱ्यांत तियानाच्या हातून पंधराची भर पडणार होती. आणि झिवोयिनने कॉफीचा घोट घेतला, मिशी पुसली, आणि म्हणाला, "कूमबाई, साखर जरा कमी पडली. पण आता आणलीच आहेस तर अजून एक दे."

तियाना स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्यामागे देसांकाबाई आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. एकेचाळीस वर्षांत या घरातून डुकराआधी कॉफी गेली नव्हती. त्यांच्या सासूबाईंच्या काळात गेली नव्हती, युद्धात गेली नव्हती. हे सगळं त्या बोलणार होत्या, तोंड उघडलंही होतं.

"आई, माझी आई आहे त्या बसमध्ये," तियाना म्हणाली. "ती काल येत होती. मीच नको म्हटलं. तुम्ही दोघी एकत्र नकोत म्हणून."

देसांकाबाईंनी तोंड मिटलं. मग त्यांनी डुकराखालची आच मंद केली, अ‍ॅप्रन सोडला, त्याची घडी केली आणि विचारलं, "किती प्यायलाय तो?"

"पाच."

"म्हणजे सात. तुला मोजता येत नाही."

पुढच्या पाच मिनिटांत जे घडलं त्याला सुवी ब्रेस्तमध्ये अजून योग्य ते नाव मिळालेलं नाही. देसांकाबाई बाहेर गेल्या, झिवोयिनसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत रिवाजाची फोड केली. यजमान माझा मुलगा आहे, त्याचं तोंड बांधलेलं आहे. यजमानीण ही आहे, तिचंही. मी इथे यजमान नाही, पाहुणी नाही, कुणी नाही. मी स्वयंपाकघरातली विधवा आहे. मला कुठलाही नियम लागू नाही. ऊठ. एकोणीस वर्षं सहकारी शेतीत मी बिटाचे ट्रॅक्टर चालवलेत, तेव्हा तू चड्डीत फिरत होतास. गाडी मी चालवते, तू शेजारी बस आणि सही कर.

झिवोयिन उठला. पन्नाशीचा माणूस, पण असा उठला की वाटलं बाईंनी वर्गात हाक मारली. बाकीचे पंधराजण खाली बसले, ते कुणी न सांगता.

तियानाने रास्तकोला दुन्याबद्दल सूचना दिल्या. त्या साधारण अकरा होत्या आणि त्यातली शेवटची ही, की तू स्वतः तिला उचलायचं नाही, मिलुन्काबाईंना उचलू दे, तू उभाच रहा. मग सार्म्याचं एक पातेलं फडक्यात बांधून मांडीवर घेतलं आणि ती दोघांच्या मधे घुसली. देसांकाबाईंनी गाडी सुरू केली आणि निघताना सफरचंदाच्या झाडाची एक फांदी नेली. ते झाड तसंही त्यांच्या मनातून उतरलेलं होतं.

क्रिवी सालाश तिथून सहा किलोमीटर. सव्वा तास लागला. काचेपुढे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. देसांकाबाई टेलिफोनचे खांब मोजत चालल्या होत्या, आणि झिवोयिन डोळे मिटून सल्ले देत होता, की आता पातं वर घ्या, आता डावीकडे दाबा. देसांकाबाई त्याच्या प्रत्येक सल्ल्याच्या बरोबर उलट करत होत्या आणि गाडी व्यवस्थित चालत होती. तियानाने मांडीवरचं पातेलं दोन्ही हातांनी धरलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या आईने पर्समध्ये ठेवल्या की बॅगेत, आणि बॅग ठेवतात बसच्या पोटात. सव्वा तास तिच्या डोक्यात एवढंच चाललं होतं: पर्स की बॅग.

क्रिवी सालाशच्या पहिल्याच घरापुढे तिने "थांबा" म्हटलं. दाराबाहेरच्या छपराखाली बूट होते. तीस-एक जोड, बर्फाने भरलेले, एकमेकांवर पडलेले, आणि त्यांत एक तपकिरी जोड, ज्याची एक नाडी तुटल्यावर लेपोसावाबाईंनी तिथे लाल लोकर ओवली होती.

आत स्लावा चालू होती. अर्थातच. त्या दिवशी त्या संताची मेणबत्ती दर तिसऱ्या घरात असते. बस रुतल्यावर अर्ध्या तासाने इथला माणूस ट्रॅक्टर घेऊन गेला होता आणि सगळ्यांना रांगेने, एकमेकांचे कोट धरून घेऊन आला होता. लेपोसावाबाई टेबलाच्या मानाच्या जागी बसल्या होत्या, मांडीवर कुणाचं तरी नातवंड, गाल लाल, पुढ्यात पाचवी ताटली, आणि त्या यजमानीणबाईंना सांगत होत्या, की सार्म्यात भात एवढा घालू नये. लेकीला दारात पाहून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "बाळाला कुणाजवळ टाकून आलीस?"

तियाना म्हणजे रडणार की पातेलं फेकणार हे तिचं तिलाच कळेना. तिने दोन्हीही केलं नाही, कारण तेवढ्यात तिच्या हातात पेला आला, खांद्यावर हात आला, बसा बसा सुरू झालं. झिवोयिनला तर बसवूनही झालं होतं, आणि तो त्या घरच्यांना वारा चालू असताना बर्फ का लोटू नये हे समजावत होता. लोक कौतुकाने ऐकत होते. देसांकाबाई दारातूनच लेपोसावाबाईंना म्हणाल्या, की भाताचं तुमचं बरोबर आहे. एवढं ऐकायला तियानाने दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि आता तिचं लक्षच नव्हतं. ती सवयीने माणसं मोजत होती. दुन्या झाल्यापासून तिला ती सवय लागली आहे. कुठल्याही खोलीत गेली की माणसं, खिडक्या आणि टोकदार कोपरे मोजते.

"बसचा ड्रायव्हर कोणता?" तिने विचारलं.

पुढच्या खोलीतल्यांनी सांगितलं, तो मागच्या खोलीत आहे. मागच्या खोलीतल्यांनी सांगितलं, पुढे बसलाय. यजमान म्हणाला, की तो आपल्या मागून येतो म्हणाला होता, म्हणजे आलाच असणार. एका बाईला तर तो सार्मा खाताना दिसलाही होता. नीट विचारल्यावर तो झिवोयिन निघाला. दोन तास सत्तावीस माणसं त्या माणसाच्या नावाने पेले उचलत होती, किती जपून गाडी चालवली म्हणून.

झिवोयिनला पुन्हा उठवून तिघं निघाली; बस पुढे किलोमीटरभर होती. एका बाजूने बर्फ छतापर्यंत चढला होता, त्यामुळे ती बस न दिसता टेकाड दिसत होतं. डिझेल गोठून इंजिन कधीच बंद पडलं होतं. देसांकाबाईंनी दारावर फावडं आपटलं. बऱ्याच वेळाने आतून काहीतरी हललं. ड्रायव्हरचं नाव पावले, वय अठ्ठावन्न. त्याने खिडक्यांचे सगळे पडदे काढून अंगाला गुंडाळले होते, आणि त्यातून नुसतं नाक आणि एक कागद बाहेर होता. तो कागद म्हणजे बसमधल्या सामानाची यादी. बस कंपनीचा नियम होता, की लेखी आदेशाशिवाय वाहन सोडायचं नाही, सोडलं तर पडद्यांपासून अग्निशामकापर्यंत सगळं पगारातून. त्याने कंपनीला फोन केला होता. तिथून सांगण्यात आलं, की आदेश देणारे साहेब आज स्लावाला गेलेत.

"चला," तियाना म्हणाली.

"सही कोण करणार?" त्याचे ओठ निळे होते, आणि शब्द एकेक करून येत होते.

झिवोयिनने यादीवर सही केली. अधिकृत माणूस म्हणून त्या दिवशीचं त्याचं एकमेव काम ते, आणि तेही त्याने कागदाच्या उलट्या बाजूला केलं. पावलेच्या बोटांत चमचा राहीना. तियानाने पातेल्यातला कोमट रस्सा आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला आणि मग त्याला चमच्याने भरवला, दुन्याला भरवते तसा, मध्ये हनुवटी पुसत. तो गिळायचा आणि म्हणायचा, पडदे परत लावायला हवेत. तिसऱ्या चमच्याला त्याचे दात वाजायला लागले. देसांकाबाई म्हणाल्या, वाजताहेत हे चांगलं. मघाशी वाजत नव्हते.

डॉक्टरांनी नंतर दोन बोटांबद्दल शंका सांगितली होती, पण बोटं राहिली. कंपनीने त्याला पत्र पाठवून एका पडद्याची विचारणा केली. हिवाळी सेवेच्या वहीत त्या दिवशीची फेरी वेळेवर पूर्ण झाल्याची नोंद आहे. सुवी ब्रेस्तमध्ये मात्र अजून एवढंच बोललं जातं, की देसांकाची सून डुकराआधी कॉफी आणते.

तियानाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याकडे बर्फ पडत नसेल, पूर येत असेल, दरड कोसळत असेल, गाड्या कुठेतरी अडकून पडत असतील. मग तुम्हीही सगळ्यांना घरात घ्याल, खाऊ घालाल, आणि अडकल्याच्या गोष्टी रंगतील. तेव्हा, कुणी तरी एक जण असेल, ज्याच्याबद्दल पुढची खोली म्हणेल तो मागे आहे आणि मागची म्हणेल तो पुढे आहे. हातातलं ताट जरा खाली ठेवा, आणि दोन्ही खोल्यांत जाऊन त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.